रात्रींची वाटणी

मेंढरांच्या कातरणीच्या दिवशी भांडण काढायचं नाही, हा राघूच्या घरातला जुना रिवाज. मुकं जनावर अंगावरचं काढून देतंय आणि आपण त्याच्यासमोर तुझं-माझं करायचं, याला काय माणूस म्हणायचं? असं राघूची आई म्हणायची. पण रिवाज पाळायला सगळं घर लागतं आणि मोडायला एकटा पुरतो. तो एकटा म्हणजे थोरला, जालिंदर.

"आबा, आज काय त्ये बोलून टाकायचं," मेंढी गुडघ्यात दाबता दाबता तो म्हणाला. "रात्रींची वाटणी मला मान्य न्हाई."

राघूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हातारा कात्रीच्या पात्याला तेलाचं बोट लावत बसला होता. कांदा निघालेल्या रखमाजीच्या रानात मेंढरं बसवलेली, चहूबाजूंनी जाळी, आणि पलीकडं ऊस. ऊस निम्मा तुटला होता. तोड सुरू झाली की त्यात दडलेला बिबट्या बाहेर पडतो, हे इकडं पोराटोरांनाही माहीत आहे. तुटलेल्या आणि उभ्या उसाच्या मधल्या त्या काळ्या फटीकडं सकाळपासून प्रत्येकानं एकदा तरी बघितलं होतं, आणि बघितलं नाही असं दाखवलं होतं.

राघूच्या बायकोनं, तुकाबाईनं, तीन दगडांवर चहा ठेवला होता. लाकूड ओलं, धूर डोळ्यांत, आणि एवढ्या धुरातूनही तिला दिसत होतं की थोरल्याचं काहीतरी बिनसलंय. फाल्गुनाचं ऊन. कातरणाऱ्याच्या कानशिलावरून घाम ओघळतोय, आणि ह्याच्या गळ्याला मफलर! सकाळी विचारलं तर म्हणे घसा बसलाय. आता बसलेल्या घशाचा आवाज रखमाजीच्या विहिरीपर्यंत चालला होता.

"कोकरं तुलाच हाईत ना रं?" ती म्हणाली. "मग रात्री बी तुझ्याच. ठरवलं तवा हसत हसत हो म्हनलास."

"तवा लोकर बांधाला टाकत व्हतो, आये! आता बघ की."

खोटं नव्हतं त्यात काही. जालिंदरची चूल वेगळी झाली तेव्हा राघूनं कळप फोडला नाही. कळपातून निघतं ते वाटलं. कोकरं जालिंदरची, ती बेल्ह्याच्या बाजारात जायची. लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवल्याबद्दल शेतकरी धान्य देतात, ते म्हातारा-म्हातारीचं. लोकर धाकट्या ऋषीची. लोकर ऋषीची म्हणताना सगळे हसले होते, कारण तेव्हा ती कोणी फुकटही नेत नव्हतं. राहिली राखण. राखण तर सगळ्या कळपाची. कोकरासाठी वेगळी आणि लेंडीसाठी वेगळी कशी करणार? मग राघूनंच तोड काढली. ज्याच्या पदरात जेवढं पडतं तेवढ्या त्यानं रात्री जाळीपाशी काढायच्या. आठवड्यात पाच जालिंदरच्या, दोन राघूच्या. ऋषीला एकही नाही. बांधावर सडणाऱ्या लोकरीसाठी माणसाला जागवणार कोण?

मग ऋषीचं लग्न झालं आणि प्रांजल आली. तिच्या आजीचा जन्म चरख्यावर गेलेला, ती कला हिनं हातांत आणलेली. बांधाला टाकलेली लोकर तिनं उचलली, धुतली, पिंजली, कातली. मागावर ताणा चढवून त्याला चिंचोक्याची खळ लावताना बघून जालिंदरची बायको मथा ओठ मुडपून म्हणाली होती, "बाई, उकिरड्यातनं बी काय काय वेचत्यात लोक!" आता पुण्याची माणसं मोबाईलवर फोटो बघून घोंगड्या मागवत होती, आणि गेल्या दिवाळीत घोंगड्यांना जे आलं ते कोकरांपेक्षा जास्त होतं. मथाचे ओठ तेव्हापासून मुडपलेलेच होते.

"तर माझं म्हननं काय," जालिंदर म्हणाला, "ज्याला ज्यास्त मिळतं त्याच्या रात्री ज्यास्त. नियम आबांचाच हाय. निम्म्या रात्री ऋषीच्या."

"बसंन की मी," ऋषी म्हणाला. "त्यात काय एवढं?"

प्रांजलनं लोकर गोळा करायची थांबवली. हा असाच. डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवायचा, कोणी काही मागितलं की आधी हो म्हणायचं आणि मग विचार करायचा. सावळेरामही असाच होता. शेजारच्या वाडीचा, ऋषीच्या बरोबरीचा. रात्रीची लाईट म्हणून पाणी धरायला गेला, येतो म्हणाला, आणि बिबट्यानं त्याला परत येऊ दिलं नाही. सावळेरामची बायको नंतर कोणाशी बोलतच नव्हती. नुसती पाटाच्या पाण्यात हात घालून बसायची. प्रांजल भेटायला गेली होती तेव्हा तिनं तेवढं पाहिलं आणि तिथून आल्यापासून तिला झोप म्हणून नव्हती.

"थांबा वो तुमी," ती ऋषीला म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून जालिंदरसमोर उभी राहिली. "दादा, एक इचारू का? ही लोकर आत्ता तुमच्या कात्रीखालनं निघाली. आत्ता हिची किंमत काय?"

"आत्ता काय... काय न्हाई."

"मग राखण ह्याच लोकरीची झाली ना? जिला काय किंमत न्हाई तिची? धुनं, पिंजनं, कातनं, इननं, त्ये सगळं जाळीच्या भाईर झालं. माझ्या घरात. त्याला कुठल्या बिबट्यापासनं राखलं तुमी?"

ती काही हिशेब शिकून आलेली नव्हती. भीतीनं बोलत होती. पण भीतीनं बोललेलं खोटंच असतं असं थोडंच आहे?

"बघा! बघा कशी बोलती!" मथा म्हणाली. "कोकरू बी जाळीतनं भाईर येतं तवाच इकतं बाई. आमी बी त्याला खाऊ घालतो, वाढवतो. मग आमच्या बी रात्री माफ कर."

"कोकराला त्याच दिवशी गिऱ्हाईक हाय, अक्का. लोकरीला कोन इचारतं?"

"पुण्याचं लोक इचारत्यात की!"

"घोंगडीला इचारत्यात!"

"पुरं!" राघू म्हणाला, पण कोणी पुरं केलं नाही.

तेवढ्यात बांधावरून रखमाजी आला. रान त्याचं, मेंढरं बसवल्याचं धान्य देणार तो. आणि दुसऱ्याच्या भांडणात पंच व्हायला त्याला पंगतीला बोलावल्यासारखं वाटायचं. तुकाबाईनं त्याला चहा दिला. त्यानं दोन्हीकडचं ऐकलं, बशीतून एक भुरका मारला आणि मिशा पुसल्या.

"आमच्या गुऱ्हाळावर बी असंच झालं व्हतं," तो म्हणाला. "ऊस एक. रसाचा गूळ झाला त्यो भावाचा, चिपाड माझं, चुलवणात जळालं. भाऊ म्हनला, पान्याचा खर्च निम्मा निम्मा. म्या म्हनलं, लेका, चिपाडाला कवा भाव आलेला बघितलाय का कुनी?"

"मंग काय केलं?" ऋषीनं विचारलं.

"काय करतो! तीन वरसं बोललो न्हाई एकमेकांशी." रखमाजी हसला, पण कोणी हसलं नाही, तेव्हा त्यानं बशी खाली ठेवली. "पोरी, तुझं म्हननं बराबर हाय. आन ह्याचं बी चुकीचं न्हाई."

"मग माझं एक ऐका बाबा." प्रांजलचा आवाज चढला. "उद्यापासनं माग बंद. लोकर पयल्यासारखी बांधाला. मग तर माझ्या मालकाच्या वाट्याला एक बी रात्र न्हाई ना?"

ऋषीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. तो माग बसवायला त्यानं स्वतः खड्डा खणला होता.

"माग बंद केलास," रखमाजी सावकाश म्हणाला, "तर मेंढरं रातची राखायची थांबत्याल का?"

ती लोकरीचा पुंजका बोटांनी ओढत राहिली.

"न्हाई थांबत. तू ईन का ईनू नको, रात्री हाईत तेवढ्याच. मग पायावर धोंडा कशाला मारून घेतीस? ईनायचं का न्हाई त्ये येगळं बघ. रात्र कुनी काढायची त्ये येगळं बघ. दोन्ही एका दाव्याला बांधू नको."

हे सगळं जालिंदर ऐकत होता आणि ऐकत नव्हता. सूर्य कुठवर आला, तेवढ्याकडंच त्याचं लक्ष. आजची रात्र त्याची होती. सकाळपासून एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती, की संध्याकाळच्या आत हे भांडण आपल्या बाजूनं सुटलं पाहिजे. पैशाचं त्याला काही नव्हतं. प्रांजलनं घोंगड्यांवर बंगला बांधला असता तरी त्यानं कौतुकानं वास्तुशांतीचं जेवण वाढलं असतं. पण हे बोलायचं कसं? बेल्ह्याच्या बाजारात चारचौघांत मांडी थोपटून बोललेला माणूस तो. पलीकडच्या गावांतली माणसं, बिबट्या मान धरतो म्हणून, गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागली, तेव्हा हाच हसला होता. "मानसं व्हती, आता कुत्री झाली का रं?" अख्खा बाजार हसला होता त्याच्याबरोबर.

"त्यो मेंढा आन हिकडं," तो ऋषीवर खेकसला.

मेंढा मोठा, मस्तीला आलेला, शिंगं दोन वेढे घेतलेली. जालिंदरनं त्याला आडवा पाडला, गुडघा रोवला आणि कातरायला खाली वाकला. कात्री पोटाकडं चालली होती. आणि मेंढा एकदम ओरडला, अंगाला झटका दिला, परत ओरडला.

"कात्री लागली का रं?" तुकाबाई उठली. तिला खांद्याच्या पांढऱ्या लोकरीवर रक्ताचे तीन-चार ठिपके दिसले. कात्री पोटाशी आणि रक्त खांद्याशी. जिथं जालिंदरची हनुवटी टेकत होती तिथं.

"काय न्हाई लागली. धर रं त्याला!"

मेंढ्यानं मान हिसडली. शिंग मफलरमध्ये अडकलं, जालिंदरनं दोन्ही हातांनी मफलर धरला, मेंढ्यानं सगळं अंग मागं खेचलं. मफलर निघाला. मेंढा तो शिंगाला लटकवून जाळीकडं पळाला.

जालिंदरच्या गळ्यात पट्टा होता. जुन्या चामड्याचा, बाहेरच्या अंगाला खिळे ठोकलेला. खाली मान सोलून लाल झाली होती, आणि पट्ट्याच्या वरच्या काठाला जखम पाझरत होती.

मथानं तोंडावर पदर घेतला. तिलाही माहीत नव्हतं. अलीकडं तो मफलर घालूनच झोपायचा आणि तिला सांगायचा की थंडी वाजते.

तुकाबाई जवळ गेली. तिनं पट्ट्याला बोट लावलं. एक खिळा वाकडा होता, आणि तो वाकडा खिळा तिनंच दगडानं ठोकला होता.

"खंड्याचा हाय ह्यो," ती म्हणाली.

खंड्या म्हणजे कळपाचा कुत्रा. आठ-दहा दिवसांपूर्वी बिबट्यानं त्याला जाळीच्या तोंडाशी धरला. जालिंदरची रात्र होती. सकाळी त्यानं सांगितलं, पट्टा तोडून नेला जनावरानं. तुकाबाईला तेव्हाच पटलं नव्हतं. खिळ्यांना तोंड लावतो तो बिबट्या कसला? पण पोरगा पांढराफटक पडलेला, म्हणून तिनं पुढं विचारलं नाही.

"दादा, तू..." ऋषी पट्ट्याकडं बघत म्हणाला.

"व्हय, म्या काढला!" जालिंदर ओरडला. मग त्याचा आवाज खरोखरच बसला. "अंधार पडताना काढला. म्हनलं एक रात घालतो, सकाळी परत घालीन त्याच्या गळ्यात. मग बिबट्या उसातनं खोकला आये. लाकूड कापल्यावानी आवाज. इथं, ह्या बाभळीपाशी. मला हलता येईना. काठी हातात व्हती, ब्याटरी हातात व्हती, बटन दाबता येईना. खंड्या गेला पुढं. त्याला काय, गळ्यात पट्टा हाय असंच वाटलं आसंल..."

तो खाली बसला. चाळिशीला टेकलेला माणूस, आणि आईसमोर मातीत फतकल मारून बसला.

"भ्या वाटतं मला," तो म्हणाला. "लई भ्या वाटतं. दिवसा बी वाटतं. मला लोकर नको, घोंगडी नको. मला रात्री नको."

प्रांजल बघत राहिली. मघापासून ती या माणसाशी लोकरीच्या किमतीवरून भांडत होती, आणि त्याच्या पोटात तेच होतं जे तिच्या पोटात होतं. तिला त्याची कीव आली आणि रागही आला. मुक्या जनावराच्या गळ्यातलं काढून घेतलं ह्यानं! आपण असं कधी केलं नसतं, असं तिला वाटलं.

राघू अजून कात्रीच पुसत होता. त्याच्या स्वतःच्या दोन रात्री तो कशा काढायचा, हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर म्हातारा त्या रात्री मोठमोठ्यानं ओव्या म्हणत बसायचा, आणि लोकांना वाटायचं राघू लई भाविक. त्यानं कात्री खाली ठेवली.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "कोकरं वाटली, धान्य वाटलं, लोकर वाटली. म्हनलं, त्याच मापानं रात्री बी वाटून टाकू. पर धान्य वाटलं म्हंजी वाटा कमी व्हतो. भ्या वाटलं म्हनून कमी व्हत न्हाई. ज्याची रात्र त्याला सगळंच्या सगळं भ्या."

"मग आता काय करायचं?" मथानं विचारलं. ती रडत होती.

"आजपासनं एकट्यानं कुनी बसायचं न्हाई. दोघं दोघं."

"म्हंजी रात्री दुप्पट झाल्या की, मामा," प्रांजल म्हणाली.

"झाल्या. घाला वाटणीत. कोकरं, धान्य, घोंगडी, सगळ्यांनी घ्यायच्या." म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. "कात्रीखालची लोकर फुकट हाय, त्ये तुझं खरं हाय पोरी. पर मेंढरू ऱ्हायलं तर लोकर. माग बंद करायचा न्हाई. आन आज ऋषी जाईल, जालिंदरबरुबर."

"आजच?" प्रांजलनं विचारलं.

"मग कवा? बिबट्या काय मुहूर्त बघून येतो?"

रखमाजी मघाशीच निघून गेला होता. शहाणा माणूस, कुठं थांबायचं नाही ते त्याला कळायचं. पुढचं कातरणं सगळ्यांनी भराभर उरकलं. कातरलेली मेंढरं उघडी पडल्यासारखी एकमेकांना खेटून उभी राहिली. प्रांजलनं लोकर गोण्यांत भरली. रक्ताचे ठिपके पडलेली मूठभर लोकर तिनं बाजूला काढली, मग कशाला वेगळी काढली हे न कळून परत गोणीत टाकली. सगळ्या लोकरीत मिसळून गेली ती.

उन्हं उसाच्या पलीकडं उतरली तेव्हा वनखात्यानं दिलेला दिवा ऋषीनं जाळीच्या काठीला अडकवला. तुकाबाईनं दोघांच्या भाकरी एका फडक्यात बांधल्या. जालिंदर काठी घेऊन आला. त्यानं गळ्यातला पट्टा सोडला आणि थोडा वेळ हातात धरून उभा राहिला.

"एकच हाय," तो म्हणाला. "उद्या बेल्ह्याहून चामडं आनतो, दुसरा करू. आजच्या रातीला..."

त्यानं पट्टा पुढं केला. ऋषीकडं केला का प्रांजलकडं, ते धड कळलं नाही.

"ठिव की दादा तुलाच," ऋषी म्हणाला. "मला कशाला?"

प्रांजलनं पट्टा जालिंदरच्या हातून घेतला होता. ऋषीचं वाक्य संपायच्या आत घेतला होता. तिला नको म्हणायचं होतं. दादांची मान सोललेली आहे, त्यांनाच राहू दे, असं काहीतरी म्हणायचं होतं. पण सावळेरामची बायको पाटाच्या पाण्यात हात घालून बसलेली तिला दिसली, आणि तिचे हात आपोआप ऋषीच्या मानेमागं गेले.

"खाली वाका," ती म्हणाली.

पट्ट्याला आतून खंड्याचे तांबूस केस अजून चिकटलेले होते. तिनं ते झटकले नाहीत. बक्कल ओलसर होतं, बोटं सारखी घसरत होती. कुत्र्याच्या गळ्यातून हा सोडताना दादांची बोटंही अशीच घाईला आली असतील, हे तिच्या मनात आलं, आणि तिनं वर बघायचं टाळलं.

जालिंदर उघड्या मानेला मफलर गुंडाळत उसाकडं बघत उभा होता.

"बसला का नीट?" त्यानं विचारलं.

"बसला," ती म्हणाली, आणि बक्कल आणखी एका भोकानं आवळलं.